पहिलं माप

नियम असा:
पाठ टेकवून बसवायचं, पाच मिनिटं बोलू द्यायचं नाही,
पाय जमिनीला, दंड छातीच्या उंचीला,
मग तीनदा माप.
पहिलं टाकून द्यायचं.
उरलेल्या दोघांची सरासरी.

निवतीत पाठ टेकवायला खुर्ची मिळते,
पाच मिनिटं न बोलणारं माणूस मिळत नाही.
पट्टा फुगत असतानाच द्वारका मेतर विचारते,
"माका चक्कर येणा नाय, डोक्या दुखणा नाय,
मगे माका झाला काय?"
एकशे बावन्न. एकशे त्रेचाळीस. एकशे एकेचाळीस.
म्हणजे काठावर.
शाळेत असती तर एवढ्यावर पेढे वाटले असते.

बांगड्यांना मीठ चोळता चोळता उठून आलेली,
कोपरापर्यंत पांढरी.
फॉर्मवर सतरावा प्रश्न:
दिवसाला मीठ किती? चमच्यात सांगा.
तिने अंगणाकडे बघितलं. मीही बघितलं.
दोघींनी मिळून दोन चमचे लिहिले.

संमतीपत्र मी मोठ्याने वाचते, तसा नियम आहे.
"कारण न देता, केव्हाही बाहेर पडता येईल."
ती म्हणाली, "कशातून?"

लिफाफ्यात नुसता आकडा, दोनशे सतरा.
डबीवर तोच.
आतली गोळी खरी की नुसती पांढरी,
तिला माहीत नाही, मला माहीत नाही,
मालवणच्या डॉक्टरांनाही नाही.
पुण्यात एका कपाटात यादी आहे, कपाटाला कुलूप.
किल्ली ज्यांच्याकडे आहे
त्यांनी द्वारकाला कधी पाहिलेलं नाही.
म्हणूनच त्यांच्याकडे.

महिन्याने गोळ्या मोजायच्या.
तीस दिवस, पस्तीस गोळ्या, पाच उरायला हव्यात.
डबी उपडी केली तर एक सुई पडली.
"आमी एकाच टोपातला खातंव,
मगे गोळी मी एकट्यान कशी खाव?"
पडवीत जाळं विणत बसलेला नवरा
मान वर न करता दोरा दातांनी तोडतो.
नियमभंगाचा फॉर्म गुलाबी असतो,
कारणाला बोटभर चौकट.
खूप वेळ विचार करून मी लिहिलं:
जेवायची पद्धत.

फिलू डिसोजाचं पहिलं माप एकशे अडुसष्ट.
मुलगा सोमवारी होडीवर गेलेला, आज गुरुवार,
फोनला रेंज नाही.
पहिल्या आणि दुसऱ्या मापाच्या मधे फोन वाजला.
बोलू द्यायचं नाही हा नियम
त्या वेळी मला आठवला नाही.
दुसरं एकशे एकोणचाळीस, तिसरं एकशे सदतीस.
सरासरी पुण्याला गेली, फिलू निरोगी माणसांत गेला.
तो एकशे अडुसष्ट कुठेच गेला नाही.
माझ्या वहीच्या मागच्या पानावर आहे.
तिथे असे बरेच आहेत:
घाटी चढून आलेले, वीजबिल वाचून आलेले,
सुनेशी आजच बोलणं बंद झालेले,
आणि काही
ज्यांचं कारण मी विचारलं नाही.

माझ्या बापाचं एकही माप नाही.
रापणीची दोरी ओढता ओढता तो वाळूत बसला,
बाकीच्यांना वाटलं, दमला.
टाकून द्यायलासुद्धा काही ठेवलं नाही त्याने.

चार वर्षांनी निकाल आला.
देवळाच्या सभामंडपात सगळे जमले,
मालवणचे डॉक्टर कागद धरून उभे राहिले.
काठावरच्या माणसांना गोळीचा फायदा होतो,
असं खात्रीने म्हणता येत नाही.
होत नाही,
असंही म्हणता येत नाही.
अजून माणसं लागतील. अजून वर्षं.
मी खाली बघत होते. चौतीस गुलाबी फॉर्म
त्यातले माझ्या अक्षरातले.

मागून कोणी तरी खोकलं.
मग द्वारका उठली, पदराआडून डबी काढून म्हणाली,
"ही परत देवची काय?
आत माज्यो सुयो आसत."

नियमाप्रमाणे रिकामी डबी जमा करून घ्यायची असते.
रिकामी नव्हती.
मी बॅगेची चेन लावली.